बी.ई. झालं, आता जर्मनी? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीकडचा, मेकॅनिकल. बी.ई. नंतर दोन वर्षं चाकणला नोकरी केली, मग जर्मनीत मास्टर्स, मग तिथल्याच एका इन्स्टिट्यूटमधे साडेचार वर्षं डॉक्टरेट आणि आता नोकरी. दरवर्षी शेवटच्या सेमचे रिझल्ट लागले की ज्युनिअर लोकांचे, त्यांच्या आईबाबांचे, कधी कधी आत्याच्या शेजारणीच्या भाच्याचे पण मेसेज सुरू होतात आणि प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. फी, पगाराच्या मर्यादा वगैरे आकडे दरवर्षी बदलतात, अर्ज भरताना अधिकृत साईटवर एकदा बघूनच घ्या.

दादा, सगळ्यात आधी सांग, जर्मनीच का? अमेरिका का नको?

अमेरिका नको असं मी म्हणतच नाही. कॉम्प्युटरवाला असाल, घरी पैसे असतील किंवा मोठं लोन झेपणार असेल तर जरूर जा. पण तिकडे डिग्रीनंतर स्टेम ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं आणि मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, म्हणजे तुमची हुशारी एकीकडे आणि नशीब एकीकडे. जर्मनीत लॉटरी नाही, पण भाषा आहे. आणि मशीन, गाड्या, मटेरियल, प्रॉडक्शन यात काम करायचं असेल तर कारखाना आणि युनिव्हर्सिटी एकमेकांच्या इतक्या जवळ असलेला देश शोधूनच काढावा लागेल. मला तेच हवं होतं.

शिक्षण खरंच फुकट आहे का?

बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमधे ट्युशन फी नाही, हे खरं. दर सेमिस्टरला साधारण १५० ते ३५० युरो भरायचे असतात, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पास पण येतो. पण अपवाद आहेत आणि नेमके आपल्या लोकांच्या आवडीच्या ठिकाणीच आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १५०० युरो लागतात. टीयू म्युनिकने २०२४-२५ पासून नव्या मुलांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४००० ते ६००० युरो. म्हणजे "जर्मनी फुकट" हे वाक्य आता प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या पानावर जाऊन तपासायचं.

आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी हा वेगळाच विषय आहे. तिथली फी लाखांत असते आणि कन्सल्टन्सीवाले बरोबर त्याच गळ्यात मारतात कारण त्यांना कमिशन तिकडून मिळतं, सरकारी युनिव्हर्सिटी कुणाला छदाम देत नाही. मी स्वतः पुण्यात एका कन्सल्टन्सीत पैसे भरून बसलो होतो, त्यांनी काढलेल्या पाच नावांत चार प्रायव्हेट होती आणि पाचव्याची डेडलाईन उलटून गेलेली. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर सगळं स्वतः केलं आणि अवघड काहीच नव्हतं, फक्त वाचावं लागलं.

मग एकूण किती पैसे लागतात?

मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात टाकायचे आणि तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ तुम्हाला मिळतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर बारा लाख झाले. हे पैसे तुमचेच असतात, फी नव्हे, हे बाबांना नीट समजावून सांगा, माझ्या बाबांना "बारा लाख फी" वाटून दोन रात्री झोप नव्हती. त्यावर एपीएस (कागद खरे असल्याचा दाखला, पुढे सांगतो), व्हिसा, तिकीट, पहिल्या महिन्याचं डिपॉझिट असे दीड-दोन लाख धरून चाला.

महिन्याच्या ९९२ मधे भागतं का? ड्रेस्डेन, केमनिट्स, माग्देबुर्ग अशा पूर्वेकडच्या गावांत भागतं. म्युनिकमधे खोलीतच निम्म्याहून जास्त जातात. हेल्थ इन्शुरन्सचे महिन्याला १३० ते १५० युरो सक्तीचे, ते पण यातूनच.

लोन बँकेतून मिळतं. डिग्रीसाठी जे एन टाटा एन्डाउमेंटचं लोन-स्कॉलरशिप आहे, ते तर १८९२ पासून चालू आहे. अनुसूचित जातीतल्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात कधी येते यावर डोळा ठेवावाच, माझ्या माहितीतले लोक निव्वळ वेळेवर कागद नव्हते म्हणून राहिलेत. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, हे जून उजाडायच्या आत हातात पाहिजे.

माझा सीजीपीए ७.१ आहे. चान्स आहे का?

हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा नीट सांगतो. जर्मनीत १.० म्हणजे सगळ्यात भारी, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास, म्हणजे आपल्या उलटं. आपले मार्क तिकडे न्यायला एक फॉर्म्युला वापरतात, सुधारित बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात त्याला. जास्तीत जास्त ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा करा, जास्तीत जास्त ग्रेडमधून पासिंग ग्रेड वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा.

आता गंमत बघा. तुमच्या युनिव्हर्सिटीत पासिंग ग्रेड ४ असेल तर ७.१ चे होतात २.४५. पासिंग ५ असेल तर त्याच ७.१ चे होतात २.७४. बऱ्याच कोर्सेसची अट "२.५ किंवा त्याहून चांगला" अशी असते. म्हणजे तुमचं नशीब मार्कशीटच्या मागच्या त्या बारीक अक्षरातल्या टेबलवर अवलंबून आहे, ज्याच्याकडे चार वर्षांत तुम्ही ढुंकून पण बघितलेलं नाही. तो कागद शोधा. नसेल तर युनिव्हर्सिटीकडून पासिंग ग्रेड लिहिलेलं पत्र घ्या, ट्रान्स्क्रिप्टसोबतच मागा म्हणजे दोनदा खेटे नकोत.

केटी (राहिलेले विषय) होत्या, एक वायडी (गेलेलं वर्ष) पण आहे. संपलं का सगळं?

नाही. बऱ्याच ठिकाणी फायनल ग्रेड बघतात, किती अटेम्प्ट लागले ते नाही. वायडीच्या वर्षात काय केलं ते मोटिव्हेशन लेटरमधे दोन ओळीत खरं लिहा आणि पुढे चला, आजारपणाच्या गोष्टी रचू नका.

युनिव्हर्सिटी कशी निवडायची? रँकिंग बघायचं का?

नाही, आणि हे मी ओरडून सांगतो. जर्मनीत युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा तुम्ही कुठल्या प्रोफेसरच्या इन्स्टिट्यूटमधे काय काम केलंत याला किंमत आहे. टीयू नाईन म्हणून नऊ मोठ्या टेक्निकल युनिव्हर्सिट्यांचा गट आहे, आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाईग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हॅनोव्हर, कार्ल्सरूह, म्युनिक, स्टुटगार्ट, त्या चांगल्याच आहेत, पण सगळे जण तिथेच अर्ज टाकून रिजेक्ट होऊन रडत बसतात.

बघायची गोष्ट म्हणजे मॉड्यूल हँडबुक. प्रत्येक कोर्सचं असतं, शंभर-दोनशे पानांची पीडीएफ. त्यात कुठले विषय, किती क्रेडिट, कुठला प्रोफेसर शिकवतो सगळं असतं. दोन कामांसाठी वाचायचं. एक, ॲडमिशन देणारे तुमच्या बी.ई. च्या विषयांशी तुलना करतात, गणित इतके क्रेडिट, मेकॅनिक्स इतके, थर्मो इतके, आणि कमी पडले की ९.५ सीजीपीएवाला पण बाहेर. मेकॅनिकलवाल्याला एकदम कॉम्प्युटर सायन्सला ॲडमिशन का मिळत नाही त्याचं उत्तर हेच. दोन, ज्याचे विषय आवडले त्या प्रोफेसरच्या इन्स्टिट्यूटच्या पानावर जा, तिथे प्रोजेक्ट कुठले चाललेत, कुठल्या कंपनीबरोबर चाललेत ते बघा, कारण पुढची पाच वर्षं तिथूनच ठरणार आहेत.

उदाहरण देतो. आखेनला डब्ल्यूझेडएल म्हणून मशीन टूलची लॅब आहे, १९०६ पासूनची, आणि तिच्या शेजारीच फ्राउनहोफर आयपीटी, ही कंपन्यांसाठी संशोधन करणारी संस्था. तिथे ग्राइंडिंग, मिलिंगवर इतकं काम चालतं की आपण कॉलेजला जे वर्कशॉप केलं ते आठवून लाज वाटते. एकच माणूस युनिव्हर्सिटीत प्रोफेसर आणि फ्राउनहोफरमधे डायरेक्टर, हे जर्मनीत सर्रास. कंपनीचा प्रॉब्लेम येतो, प्रोफेसर प्रोजेक्ट घेतो, डॉक्टरेटवाला तो सोडवतो, आणि त्याच्या हाताखाली एक मास्टर्सचा पोरगा किंवा पोरगी टेस्टिंग करत असते. ती जागा तुम्हाला पकडायची आहे.

हॉखशूले आणि युनिव्हर्सिटी यात फरक काय? सीनिअर म्हणाला हॉखशूलेला जाऊ नको.

सीनिअरचं ऐकू नका. हॉखशूले प्रॅक्टिकलकडे झुकलेली, वर्ग छोटे, प्रोफेसर स्वतः कंपनीतून आलेले, नोकरीच हवी असेल तर उत्तम. फरक पडतो तो डॉक्टरेटला. डॉक्टरेट देण्याचा हक्क मुख्यतः युनिव्हर्सिट्यांना आहे, हेसेन राज्यात २०१६ मधे फुल्डाच्या हॉखशूलेला पहिल्यांदा असा हक्क मिळाला आणि मग आणखी काहींना, पण अजून वाट अरुंदच आहे. रिसर्च नक्की करायचाच असेल तर युनिव्हर्सिटी धरा.

एपीएस म्हणजे काय आणि त्याची एवढी भीती का?

तुमची मार्कशीट-सर्टिफिकेटं खरी आहेत हे तपासून दिलेला दाखला. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचा आहे, फी १८,००० रुपये. भीती वेळेची, कारण अर्जांचा लोंढा आला की आठवडेच्या आठवडे जातात आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या ॲडमिशनच्या अर्जातच मागतात. शेवटच्या वर्षाचा निकाल लागायच्या आधी पण करता येतो, अट काय ते त्यांच्या साईटवर वाचा आणि दिवाळीच्या आसपास पाठवून द्या. नावाची स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, पासपोर्टवर दुसरी, आणि बी.ई. च्या मार्कशीटवर आईचं नाव जोडून तिसरी, हा खास महाराष्ट्रातला गोंधळ आहे, तो आधी निस्तरा.

अर्ज कधी करायचा?

हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू. १५ जुलै ही तारीख सगळे सांगतात पण आपल्यासाठी खूप कोर्सेसची डेडलाईन मार्च ते मे मधेच संपते. काही ठिकाणी थेट, काही ठिकाणी उनी-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत, पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाचे ३०. आठ-दहा अर्ज पुरे. पंचवीस अर्ज टाकणारे प्रत्येक लेटर कॉपी-पेस्ट करतात आणि ते कळतं, एका मित्राने ड्रेस्डेनच्या अर्जात "मला आखेनमधेच का शिकायचंय" असं पाठवलेलं.

व्हिसा नाकारला तर?

पूर्वी दूतावासाकडे फेरविचाराची मागणी करता यायची, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज किंवा कोर्ट. म्हणून पहिलाच अर्ज चोख करा.

कोर्स इंग्लिशमधे आहे, मग जर्मन कशाला शिकायचं?

कारण कोर्स इंग्लिशमधे आहे, देश नाही. परीक्षा इंग्लिशमधे, पण लॅबमधला टेक्निशियन, घरमालक, आउसलेंडरबेहोर्ड म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्याचं ऑफिस, इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू, दुपारी कँटीनमधल्या गप्पा, सगळं जर्मन. आणि नोकरीच्या जाहिरातीत शेवटून तिसऱ्या ओळीत हळूच लिहिलेलं असतं की जर्मन उत्तम हवी. बी-वन पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, भारतातच उरकून या, तिकडे गेल्यावर शिकू म्हणणारे दोन वर्षांनी पण ब्रेड विकत घेण्यापुरतंच बोलतात, कारण असाइनमेंटमधून वेळच मिळत नाही.

पुण्यात असाल तर सोयच सोय, मॅक्समुलर भवन आहे, एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटमधला परदेशी भाषा विभाग आहे. बाकी गावात असाल तर ऑनलाईन. आणि मराठी माणसाला एक आयतं मिळालेलं आहे: तीन लिंगं! डेर, डी, दास ऐकून इंग्लिश मीडियमवाले घाबरतात, आपण जन्मापासून तो खांब, ती भिंत, ते दार म्हणत आलोय. फक्त लिंग जुळत नाहीत, टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि त्यांच्याकडे पुल्लिंगी, पण वस्तूला लिंग असतं या कल्पनेचा धक्का तरी बसत नाही.

हिवी हिवी म्हणतात ते काय?

इन्स्टिट्यूटमधे असिस्टंट म्हणून पार्टटाईम काम. डेटा साफ करणे, टेस्ट रिगवर उभं राहणे, कॅड, कधी नुसते बोल्ट मोजणे. तासाचे पैसे पिझ्झा डिलिव्हरीइतकेच, पण पिझ्झाच्या डिलिव्हरीतून मास्टर्स थीसिस मिळत नाही. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपर्यंत हे १२० आणि २४० होतं, आणि युनिव्हर्सिटीतल्या अशा कामाचे दिवस त्यात धरत नाहीत.

मला पहिली हिवी तेरा ईमेलनंतर मिळाली. बारा ईमेल "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग" छापाचे होते. तेराव्यात लिहिलं की तुमच्या अमुक प्रोजेक्टमधे टूल वेअर मोजताय, मी चाकणला दोन वर्षं शिफ्टमधे हेच हाताने मोजलंय आणि आमच्याकडे कूलंट बदललं की आकडे असे असे हलायचे. दुसऱ्या दिवशी बोलावलं. पुढे तिथेच थीसिस, तिथेच डॉक्टरेट. म्हणून भारतातल्या नोकरीला कमी लेखू नका, उलट एक-दोन वर्षं शॉपफ्लोअर बघून आलेला माणूस इथे पटकन रुळतो.

अभ्यास अवघड असतो का?

हो. हजेरी नाही, सबमिशन नाही, फाईलवर सही नाही, कुणी विचारत पण नाही, आणि शेवटी एकच पेपर ज्यावर सगळे मार्क. साधारण नियम असा की एका विषयाला तीन अटेम्प्ट, तिसऱ्यांदा पण गेला की तो कोर्स कायमचा संपला, कित्येकदा तोच कोर्स जर्मनीतल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पण करता येत नाही. आपल्याकडची केटी पुढे ढकलत राहायची सवय इथे जीव घेते. तयारी नसेल तर मुदतीच्या आत परीक्षेतून नाव काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. मी एका विषयाच्या तिसऱ्या अटेम्प्टला बसलो होतो, त्या सहा आठवड्यांत माझं वजन चार किलो उतरलं. ३.७ मिळाले. इतका आनंद बी.ई. च्या डिस्टिंक्शनला पण झाला नव्हता.

पीएचडी करावी का? पैसे मिळतात का?

जर्मनीत इंजिनिअरिंगची डॉक्टरेट म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच असते. टीव्ही-एल नावाचा सरकारी पगाराचा तक्ता आहे, त्यातला ई-१३ लागतो. फुल पोझिशन असेल तर सुरुवातीलाच महिन्याला साडेचार हजार युरोच्या वर ग्रॉस, टॅक्स आणि इन्शुरन्स जाऊन हातात तीन हजाराच्या आसपास. काही विषयांत अर्धी किंवा पाऊण पोझिशन देतात, ते आधी विचारून घ्या, लाजू नका.

पण काम नोकरीसारखंच असतं. दिवसा कंपनीचे प्रोजेक्ट, रिपोर्ट, हिवी पोरांना सांभाळणं, लेक्चरचे ट्युटोरियल, आणि स्वतःचं संशोधन संध्याकाळी. म्हणून चार-पाच वर्षं सहज लागतात. शिवाय युनिव्हर्सिटीतल्या कंत्राटांना कायद्याने मर्यादा आहे, डॉक्टरेटच्या आधी जास्तीत जास्त सहा वर्षं. शेवटी मिळते ती पदवी डॉक्टर-इंजेनिअर, आणि ती जर्मन माणूस दारावरच्या पाटीवर सुद्धा लावतो. गाईडला जर्मनमधे डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे शब्दशः बापच. बाप चांगला निघाला तर सोनं, नाहीतर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. होकार द्यायच्या आधी त्याच्याच हाताखालच्या दोन जुन्या लोकांना कॉफीला घेऊन जा आणि विचारा की शेवटचा माणूस किती वर्षांत बाहेर पडला.

फक्त कंपनीत नोकरी हवी असेल तर डॉक्टरेटची गरज नाही. मला प्रश्न कुरतडत बसायला आवडतं म्हणून केली. पगारासाठी केली असती तर दुसऱ्याच वर्षी सोडली असती.

बी.ई. चालू असतानाच काही करता येतं का?

डाड या जर्मन शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची वाईज नावाची स्कीम आहे, भारतातल्या इंजिनिअरिंग-सायन्सच्या मुलांना उन्हाळ्यात जर्मन प्रोफेसरकडे इंटर्नशिप करता येते. स्पर्धा तगडी आहे आणि प्रोफेसरचा होकार आपणच मिळवायचा.

नोकरी मिळते का? खरं सांग.

खरं सांगायचं तर २०१८ ला जितकी सोपी होती तितकी राहिली नाही. गाड्यांच्या धंद्यात मंदी आहे. फोक्सवागनने २०२४ च्या डिसेंबरमधे युनियनबरोबर करार केला त्यात २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० जागा कमी करायचं ठरलं, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने पण २०२८ पर्यंत ११ ते १४ हजार जागा कमी करणार म्हणून जाहीर केलं. त्यामुळे "मेकॅनिकल करून बीएमडब्ल्यूत चिकटणार" हे डोक्यातून काढा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमेशन, रेल्वे, विंड, मेडिकल मशीन, आणि छोट्या गावातल्या घराण्यांच्या कंपन्या इकडे बघा. या छोट्या कंपन्यांची नावं तुम्ही कधी ऐकलेली नसतात, कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी मात्र त्यांची मशीनं बघितलेली असतात. तिथे जर्मन लागतेच.

डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. नोकरी लागली की ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांसाठीचा कामाचा परवाना, त्याला २०२५ मधे वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती आणि नुकत्याच पास झालेल्यांना ४३,७५९.८०, दरवर्षी जानेवारीत हा आकडा वर सरकतो. ब्लू कार्डवर कायमच्या परवान्यासाठी बी-वन जर्मन असेल तर २१ महिने, नाहीतर ए-वनवर, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर, २७. बघा, परत भाषाच आली.

मुलगी एकटी जाणार, आम्हाला काळजी वाटते.

काकू, काळजी वाटणारच. रात्री अकराला लॅबमधून ट्रामने घरी येणं इथे मुलींना नेहमीचंच आहे. मला विचाराल तर जास्त काळजी खोलीची करा. जागेचा प्रचंड तुटवडा आहे आणि फोटो दाखवून, "मी सध्या लंडनला आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअर करतो" म्हणणारे चोर खूप आहेत. बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही. ॲडमिशन आल्या दिवशीच स्टुडंटेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, होस्टेलला अर्ज टाका, वेटिंग कित्येक महिन्यांचं असतं. आणि डिसेंबरच्या आसपास साडेचारलाच अंधार पडतो, पहिल्या हिवाळ्यात पोरं खचतात, तेव्हा रोज व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का" सोबत आणखी काहीतरी बोला. बहुतेक मोठ्या शहरात मराठी मंडळ आहे, गणपती बसतो, मोदकांना नंबर लागतात.

सामानात काय न्यायचं?

तूप, पेढे, खवा नाही. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, तूप दुधाचंच, कस्टमवाल्याशी वाद घालू नका. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम चालतं. तांदूळ-डाळ आणू नका, सगळीकडे मिळते. थर्मल कपडे इथेच घ्या, तुळशीबागेतलं स्वेटर उणे दहाला काही कामाचं नाही. सगळ्या कागदांचे दोन सेट आणि ओरिजिनल हँडबॅगेत, चेक-इनमधे कधीच नाही. तीन लिटरचा कुकर आणा आणि त्याची जास्तीची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पण आणा. माझी रिंग दुसऱ्याच महिन्यात गेली आणि पुढच्या दिवाळीला एक मित्र येईपर्यंत मी पातेल्यात डाळ शिजवत होतो.